उजव्या हातावरचे तीळ मोजून काय कळतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘उजव्या हातावर अकरापेक्षा जास्त तीळ असतील तर त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो’ अशा अर्थाचा एक मेसेज मोबाइलवर फिरतो आहे. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं त्यावरूनच आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मेसेज वाचून मी माझ्या उजव्या हातावरचे तीळ मोजले, १४ भरले. नवऱ्याने मोजले तर २२. दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा मोजले तर १७. माझं वय ३४, रंग गव्हाळ, माहेरी-सासरी कुणाला कॅन्सर नाही. यातला खरा आकडा कोणता? आणि मी डॉक्टरांकडे जायचं का?
(वाचक, दादर)

उत्तर : या आकड्यासाठी डॉक्टरांकडे जायची गरज नाही. आधी हे अकरा आले कुठून ते सांगतो, म्हणजे मनातली धाकधूक जाईल.

२०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. साडेतीन हजारांहून जास्त जुळ्या बहिणींच्या अंगावरचे तीळ त्यासाठी मोजले होते. ज्यांच्या उजव्या हातावर ११ पेक्षा जास्त तीळ, त्यांच्या सबंध अंगावर १०० च्या वर तीळ असण्याची शक्यता बरीच जास्त, असं त्यात दिसलं. सगळं अंग तपासत बसण्याऐवजी साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला एका हातावरून झटकन अंदाज यावा, एवढ्यासाठी ती युक्ती. फिरत्या मेसेजमधून तीन गोष्टी गळून पडल्या आहेत. त्या बायका युरोपीय वंशाच्या, गोऱ्या होत्या. मोजणी त्यांनी स्वतः केलेली नव्हती, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या परिचारिकांनी केली होती. आणि अकरावरून अंदाज बांधायचा होता तो अंगावर एकूण तीळ किती याचा. कॅन्सर त्याच्या पुढची पायरी.

गोऱ्या लोकांमध्ये ती पुढची पायरीही खरी आहे. तिळातल्या रंगपेशींच्या कॅन्सरला मेलानोमा म्हणतात. कितीतरी अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, शंभरावर तीळ असलेल्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका पंधरापेक्षा कमी तीळ असलेल्यांच्या सुमारे सातपट असतो. पण सातपट म्हणजे कशाच्या सातपट, हे विचारायला हवं. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखात तिसाहून जास्त लोकांना मेलानोमा होतो. भारतात हे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. शिवाय आपल्याकडच्या मेलानोमांपैकी बरेचसे होतात तळपायावर, तळहातावर, नखाखाली, नाहीतर तोंडाच्या आणि गुदद्वाराच्या आतल्या नाजूक अस्तरावर. दंडावर तीळ १४ आहेत की २२, याचा त्या जागांशी काही संबंध लागत नाही. आणि गोऱ्या लोकांतसुद्धा साधारण ७० टक्के मेलानोमा आधी तीळ नसलेल्या, कोऱ्या कातडीवर उगवतात. म्हणजे सगळे तीळ बिनचूक मोजले आणि रोज त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तरी बराचसा धोका त्या मोजणीच्या बाहेरच राहतो.

आता तुमचे तीन आकडे. हातावरचा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे तीळ नव्हे, आणि तीळ कशाला म्हणायचं हे ठरवल्याशिवाय मोजलं की असंच होतं. मुंबईतल्या हातांवर तिळासारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी आम्हाला सारख्या भेटतात. डास चावून, खाजवून उरलेले काळपट डाग : कडा पुसट, बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही, तीन-चार महिन्यांत फिके होतात. वॅक्सिंगनंतर केसांच्या मुळाशी राहणारे ठिपके : टाचणीच्या टोकाएवढे आणि सगळे सारख्या अंतरावर. आणि एखादी कडक, तपकिरी गाठ : दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की मध्ये खळी पडते. ही गाठ निरुपद्रवी असते, पण तीळ नव्हे.

संशोधनात मोजणी करताना बहुधा २ मिलिमीटर आणि त्याहून मोठे तीळच धरतात. त्याहून बारीक ठिपक्यांमध्ये अनुभवी डॉक्टरांचंही एकमेकांशी जुळत नाही. खायच्या तिळाचा दाणा मधोमध साधारण २ मिलिमीटर रुंद असतो. एक दाणा ओल्या बोटाला चिकटवून ठिपक्याशेजारी धरा. ठिपका दाण्याच्या रुंदीएवढा किंवा मोठा असेल, त्याची कड स्पष्ट असेल आणि तो वर्षभर तिथेच असेल, तरच धरायचा. जागा कुठून कुठवर हेही आधी ठरवा : खांद्याच्या सांध्यापासून मनगटाच्या घडीपर्यंत. मोजून झालेल्या तिळाशेजारी बॉलपेनाने टिंब द्या, नाहीतर हात वळवताना तोच तीळ दोनदा मोजला जातो किंवा कोपरामागचा राहून जातो. अशा तऱ्हेने मोजलं तर तुमचे २२ बहुतेक सात-आठवर येतील. तरी सांगतो, या आकड्यावर कुठलाच निर्णय अवलंबून नाही. तो वेळ तळपाय बघण्यात घालवलात तर जास्त उपयोग होईल. त्याबद्दल पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

प्रश्न : वय ५८. गेल्या दहा वर्षांत गालांवर, मानेवर आणि छातीवर काळे बारीक दाणे वाढत चालले आहेत, पन्नास-साठ तरी असतील. आईलाही असेच होते. हे तीळ धरायचे का? शेजारचे म्हणतात, चुना आणि धुण्याचा सोडा लावला की गळून पडतात.
(वाचक, भांडुप)

उत्तर : गालांवर, डोळ्यांच्या कडेला आणि मानेवर येणारे हे दाणे कातडीच्या वरच्या थराचे असतात. त्यांचा रंगपेशींच्या कॅन्सरशी संबंध नाही. सावळ्या रंगाच्या कुटुंबांत ते आनुवंशिक असतात आणि वयाबरोबर वाढतात. छाती-पाठीवर वाढत्या वयात येणारे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे, नखाने खरवडलं तर मेणासारखा चुरा निघणारे डागही त्याच जातीचे. मोजणीत यातलं काहीच धरायचं नाही. घरी तीळ मोजणाऱ्यांचा आकडा फुगतो तो मुख्यतः यांच्यामुळे.

चुना-सोडा मात्र अजिबात लावू नका. त्याने कातडी रसायनाने भाजते. दाणा पडतो, पण मागे खोल व्रण किंवा वाढलेली गाठ राहते, आणि मानेवर-छातीवर तसा व्रण जास्तच जाड होतो. चामखिळीला घोड्याचा केस बांधण्याचंही तसंच, तिथे जंतुसंसर्ग होतो. दाणे काढायचेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ मलम लावून भाग बधिर करतात आणि कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या बारीक सुईने, एका बैठकीत वीस-तीस दाणे काढून देतात. खपल्या आठवड्याभरात पडतात. त्या आपल्या हाताने काढायच्या नाहीत आणि पुढचे दोन महिने उन्हापासून जपायचं, नाहीतर दाण्याच्या जागी डाग उरतो.

एकच अट. काढण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रत्येक दाणा भिंगाखाली पाहिलेला असावा. त्या पन्नासांत एखादा चकचकीत, कडेला मोत्यासारखे मणी असलेला, मधूनच खपली धरून रक्त येणारा दाणा असेल तर तो बेसल सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर, असू शकतो. आपल्या रंगाच्या कातडीवर तो पुष्कळदा काळाच दिसतो, म्हणून तिळात खपून जातो. ब्यूटी पार्लरमध्ये दाणे काढून घेऊ नका असं आम्ही सांगतो ते यासाठी. तिथे जळालेल्या दाण्यात काय होतं हे पुन्हा कधीच कळत नाही.

प्रश्न : माझी आई ६३ वर्षांची. डाव्या टाचेवर दोन वर्षांपासून काळा डाग आहे. आधी डांबर लागलं असेल असं वाटलं, मग कुरूप समजून कॉर्न कॅप लावल्या. आता डाग रुपयाएवढा झाला आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत आणि मधला भाग ओला राहतो. दुखत नाही म्हणून ती डॉक्टरांकडे यायला तयार नाही. अंगावर एकही तीळ नाही, मग काळजी कशाला, असं तिचं म्हणणं.
(वाचक, लालबाग)

उत्तर : हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता आम्ही तुम्हाला कळवलं आहे. इथे देतो ते इतरांसाठी.

आईंना याच आठवड्यात दाखवा. लालबागहून परळचं केईएम जवळ आहे. तिथे सकाळी केसपेपर काढून त्वचाविकार विभागात जायचं. नायर, सायन, जेजे या रुग्णालयांतही हे विभाग आहेत. ‘पायाला कुरूप आहे’ असं सांगू नका. ‘टाचेवरचा काळा डाग वाढतोय आणि ओला झालाय’ एवढंच सांगा. कुरूप म्हटलं की रांगेतून शस्त्रक्रियेच्या छोट्या कामांकडे पाठवण्याचा संभव असतो.

दुखत नाही, यात दिलासा मानायचं कारण नाही. तळपायाचा मेलानोमा सुरुवातीची बरीच वर्षं मुळीच दुखत नाही. कुरूप दुखतं, कारण त्याचा कडक खिळा आत रुततो. कुरपाचा रंग मेणासारखा पिवळट असतो, तो काळा नसतो. आणि अंगावर तीळ नसण्याचा या कॅन्सरशी संबंध नाही. तळपायावर ऊन पडत नाही, आणि तिथला मेलानोमा बहुतेकदा तिळाशिवाय, सरळ कातडीतूनच निघतो. सावळ्या माणसांना मेलानोमा कमी होतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा इथेच होतो आणि उशिरा लक्षात येतो.

डॉक्टर आधी डर्मोस्कोपने बघतील. हातात धरायचं, आत दिवा असलेलं ते भिंग आहे, काही दुखत नाही. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात : उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. साध्या तिळाचा रंग खाचांमध्ये बसलेला असतो, काळ्या बारीक समांतर रेघांसारखा. मेलानोमात रंग उंचवट्यांवर पसरतो, म्हणून पट्टे जाड दिसतात आणि त्या पट्ट्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसतात. मोठ्या माणसाच्या तळव्यावर नव्याने आलेला आणि ७ मिलिमीटरपेक्षा मोठा झालेला डाग असेल तर भिंगाखाली काहीही दिसो, तुकडा तपासायला पाठवणंच इष्ट.

तुकडा कसा काढतात यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. डाग लहान असेल तर दोनेक मिलिमीटर निरोगी कड ठेवून तो अख्खा काढतात. टाचेवर रुपयाएवढा असेल तर सगळ्यात जाड किंवा ओल्या भागातून खोलवर तुकडा घेतात. वरवर खरवडून घेतलेला तुकडा चालत नाही, कारण तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे ते मोजायचं असतं. ती खोली ठरवते की पुढच्या शस्त्रक्रियेत भोवतालची १ सेंटिमीटर कातडी काढायची की २, आणि जांघेतली पहिली लसिका ग्रंथी (रोग पसरला तर आधी जिथे पोहोचतो ती) तपासायची की नाही. म्हणूनच कॉर्न कॅप, ब्लेड, कॉटरी, लेझर यातलं काही आता नको. कॉर्न कॅपमधलं सॅलिसिलिक ॲसिड वरचा थर विरघळवतं आणि जखम ओली ठेवते. त्याने कॅन्सर होत नाही, पण महिने वाया जातात. तपासणीत मेलानोमा निघाला तर तिथूनच टाटा मेमोरियलला पाठवतील. तुकडा काढल्याने रोग पसरेल अशी आईंना भीती वाटत असेल तर त्यांना निक्षून सांगा, तसं होत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी : आपल्या रंगाच्या कितीतरी लोकांच्या तळव्यांवर फिकट तपकिरी डाग असतात, बहुधा दोन्ही पायांवर. वर्षानुवर्षं ते तेवढेच राहतात. ते असले तर असू द्या. दोन्ही पावलांचा एकेक फोटो काढून ठेवा म्हणजे झालं. पायावर तीळ असला की पायाला भिंगरी, असं कौतुकाने म्हणतात. कौतुक करायला आमची ना नाही, फक्त तो तीळ गेल्या वर्षीएवढाच आहे ना हे पाहून ठेवा.

प्रश्न : जानेवारीत मॅरेथॉन धावलो, तेव्हापासून उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे. वय २६. रक्त साकळलं असेल की दुसरं काही?
(वाचक, मुलुंड)
आणि : माझ्या आठ नखांवर लहानपणापासून उभ्या तपकिरी रेघा आहेत. हे तीळ आहेत का?
(वाचक, गिरगाव)

उत्तर : गिरगावच्या ताईंनी काळजी करू नये. अनेक नखांवर, बारीक, सारख्या रंगाच्या आणि वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या रेघा सावळ्या माणसांत सर्रास दिसतात.

मुलुंडच्या वाचकांनी एक घरगुती परीक्षा करावी. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, हाताचं साधारण ३. डागाची मागची कड जिथे आहे तिथे नखावर कानशीने हलकी आडवी रेघ ओढा आणि फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा. नखाच्या मुळाशी दोनेक मिलिमीटर स्वच्छ, गुलाबी नख आलेलं असेल आणि डाग तुमच्या रेघेबरोबर पुढे गेला असेल, तर ते रक्त. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा डाग रेंगाळला म्हणून घाबरू नका. पुढच्या वेळी बूट अर्धा नंबर मोठा घ्या.

डाग मुळापासून टोकापर्यंत सलग उभ्या पट्ट्यासारखा असेल आणि मागे स्वच्छ नख येतच नसेल, तर दाखवायला हवं. दाखवण्याजोगी आणखी लक्षणं : पट्टा एकाच नखावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर आहे, रुंदी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे किंवा वाढते आहे, मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद आहे, नख मधोमध चिरतं आहे. सगळ्यात गंभीर खूण म्हणजे काळा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरणं. पन्नाशीनंतर एका नखावर नवा पट्टा आला तर आठवडाभराच्या आत जा.

या जागी गफलत कशी होते याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बॉब मार्ली या गायकाचं. पायाच्या बोटाची जखम फुटबॉल खेळताना झाली असं समजलं गेलं. १९७७ मध्ये नखाखाली मेलानोमा निघाला आणि १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी ते गेले. आपल्याकडे हीच जखम नखुरडं म्हणून महिनोन्‌महिने हळद लावून सांभाळली जाते. नखुरडं ठणकतं आणि दोन आठवड्यांत बरं होतं. महिना झाला तरी ओलं राहिलेलं, न ठणकणारं नख म्हणजे नखुरडं नव्हे.

प्रश्न : आम्ही गोरे, डोळे घारे. मुलगा आणि सून सहा वर्षांपासून मेलबर्नला आहेत. त्यांनी तीळ मोजावेत का?
(वाचक, विलेपार्ले)

उत्तर : इथे मोजण्याला थोडा अर्थ आहे. घारे डोळे मोजायचं कारण नव्हेत. उन्हात कातडी काय करते ते विचारा. तासभर उन्हात बसल्यावर कातडी लाल होऊन सोलते की सावळी पडते? आपल्याकडचे बहुतेक गोरे लोकही सावळे पडतात, म्हणजे त्यांचा धोका तिथल्या गोऱ्यांपेक्षा खूपच कमी असतो. पण मुलाची कातडी दर वेळी लाल होऊन सोलत असेल, अंगावर पन्नासाच्या वर खरे तीळ असतील, किंवा ६ मिलिमीटरहून मोठे, दोन-तीन रंगांचे, पुसट कडांचे चार-पाच तीळ असतील, तर तिथल्या डॉक्टरकडून एकदा सबंध अंग तपासून घ्यावं. असे विचित्र तीळ पाच असले तर गोऱ्या लोकांत धोका सहापट होतो, म्हणजे शंभर साध्या तिळांच्या जवळपास. मोजायचंच असेल तर या तिळांपासून सुरुवात करावी. आणि तळपाय-नखं तिथेही बघावीत. ती कुठल्याही देशात गेलं तरी सुटत नाहीत.

प्रश्न : घरच्या घरी अंग तपासायची नीट पद्धत सांगाल का? आमच्याकडे एकच छोटा आरसा आहे.
(वाचक, परळ; याच अर्थाची आणखी सहा पत्रं)

उत्तर : तीन महिन्यांतून एकदा, आंघोळीनंतर, दिवसाउजेडी खिडकीपाशी. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि काळ्यातला फरक नीट कळत नाही. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल, पुढे दहा मिनिटं.

पायापासून सुरू करा. लोक चेहऱ्यापासून सुरू करतात आणि पावलांपर्यंत पोहोचेतो कंटाळतात. टाचेला घट्टा असेल तर पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून हलकेच घासा, घट्ट्याखाली रंग लपतो. बोटं एकेक फाकवून मधल्या बेचक्या पाहा. नेलपॉलिश, मेंदी असेल तर तपासणी ती जाईपर्यंत पुढे ढकला. नखांच्या मुळाकडची कातडी पाहा. मग तळहात. मग तोंडात : ओठ उलटून, टाळूकडे टॉर्च मारून. पाठ, मानेमागचा भाग आणि मांड्यांची मागची बाजू दुसऱ्या कुणीतरी पाहायची. स्वतः मोजणाऱ्यांच्या हातून पाठीवरचे तीळ हमखास सुटतात. घरात कुणी नसेल तर मोबाइल टेबलावर उभा करून, टायमर लावून पाठीचा फोटो काढा. केसांत कंगव्याने भांग पाडत पाडत पाहा.

पाहायचं काय? आकडा मांडायची गरज नाही. एका माणसाच्या अंगावरचे तीळ भावंडांसारखे असतात, रंगाने, आकाराने एकमेकांवर गेलेले. त्यात जो कुणावरच गेलेला नाही तो शोधा : बाकी सगळे तपकिरी आणि हा एकटाच काळाभोर, बाकी सगळे सपाट आणि हा एकटाच उंच, किंवा उलट, बाकी काळे आणि हा गुलाबी. १९९८ पासून डॉक्टरही ही खूण वापरतात आणि आमच्या मते घरच्या तपासणीत तिचा उपयोग कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त. मग त्या एकट्या तिळाचे दोन अर्ध एकसारखे आहेत का, कड फाटल्यासारखी आहे का, रंग किती आहेत, पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून (साधारण ६ मिलिमीटर) मोठा आहे का आणि तीन महिन्यांत बदलला का, ते बघा. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. भराभर उंच होणारी, कडक गाठ लहान आणि गोल असली तरी ती थांबत नाही, तेव्हा ६ मिलिमीटरची वाट बघू नका.

फोटोचे नियम दोन. शेजारी फूटपट्टी हवी, आणि प्रत्येक वेळी तीच खिडकी, तीच वेळ, तेवढंच अंतर. फ्लॅश बंद. ब्यूटी मोड बंद आहे ना हे आवर्जून पाहा, नव्या फोनमध्ये तो आपोआप डाग पुसतो आणि मग दोन फोटोंची तुलना फसते.

वयाचं भान ठेवा. मुलांना आणि तरुणांना नवे तीळ येणं, वाढणं हे चालायचंच. गरोदरपणात पोटावरचे तीळ कातडीबरोबर ताणले जातात. तरुण मुलाच्या तिळाभोवती पांढरं कडं आलं तर बहुधा तो तीळ आपोआप जिरतो आहे, कोड म्हणून घाबरून जाऊ नये, पण एकदा दाखवावं. चाळिशीनंतर आलेला नवा काळा तीळ मात्र पाहुणा समजून विचारपूस करावी.

प्रश्न : तिळाचा फोटो काढला की धोका सांगणारं ॲप विश्वासाचं आहे का?
(वाचक, बोरिवली)

उत्तर : नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा ॲपवरच्या अभ्यासांचा आढावा आला, त्यात ती भरवशाची नाहीत असाच निष्कर्ष होता. शिवाय अशा ॲपना शिकवायला वापरलेले फोटो बहुतांशी गोऱ्या कातडीचे असतात. फोटो जपून ठेवायला फोन वापरा, निकाल द्यायला नको.

प्रश्न : आजी कायम नऊवारी नेसते. कमरेला निरीची गाठ बसते तिथे काळा, जाड पट्टा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून त्यात एक चीर पडली आहे, ती भरत नाही. तिळांच्या मेसेजवरून आठवलं म्हणून विचारते.
(वाचक, वरळी)

उत्तर : विचारलंत ते फार चांगलं केलंत. आपल्याकडे त्वचेच्या कॅन्सरमध्ये मेलानोमाहून इतर प्रकारच जास्त, आणि ते तिळातून येत नाहीत. त्यातले काही जुन्या, सतत घासल्या जाणाऱ्या, भाजलेल्या किंवा न भरणाऱ्या कातडीतून येतात. टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच कमरेवरच्या धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं होतं. घट्ट बांधलेलं कापड वर्षानुवर्षं एकाच ओळीत घासतं, आधी पट्टा काळा-जाड होतो, मग चीर, मग कडा उचललेला व्रण. परकराच्या नाडीनेही हेच होतं.

नुसता काळा पट्टा निरुपद्रवी असतो. चार आठवड्यांत न भरलेली चीर मात्र तपासायलाच हवी. कड कडक लागते का, वास येतो का, जांघेत गाठ लागते का, हे डॉक्टर पाहतील आणि कडेचा तुकडा घेतील. तोवर साडी थोडी वर-खाली नेसायची किंवा सैल गाऊन घालायचा. व्रणावर घट्ट गाठ नको. घरातल्या बाकीच्यांनी बारीक नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी वापरावी आणि बांधण्याची जागा रोज बोटभर बदलावी. स्टोव्हने भाजलेल्याचा जुना व्रण पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा फुटला तर त्यालाही हाच चार आठवड्यांचा नियम.

प्रश्न : दाढी करताना गालावरचा उंच तीळ कापला, भळाभळा रक्त आलं. आता काढून टाकायचा विचार आहे.
(वाचक, कुर्ला)

उत्तर : ब्लेडने कापल्यावर रक्त येणारच, त्यात तिळाचा दोष नाही. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. दोन-तीन आठवड्यांत जखम भरून तीळ पूर्वीसारखा दिसला तर विषय संपला. काही न लागता रक्त आलं किंवा जखम भरलीच नाही, तर दाखवा.

काढायचा असेल तर खुशाल काढा, फक्त जळून जाईल अशा पद्धतीने नको. काढलेला तीळ फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीकडे पाठवा असं आधीच सांगा, आणि बाटलीवर नाव, तारीख, ‘उजवा गाल’ की ‘डावा’ हे तुमच्या समोर लिहून घ्या. रिपोर्ट हप्त्या-दीड हप्त्यात येतो. त्यावरचा नंबर जपून ठेवा. त्या नंबरावरून प्रयोगशाळेतला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुमचा तुकडा, पुन्हा काढून त्यावर आणखी तपासण्या करता येतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, ब्लॉक आणि काचा मागून घ्या.